निवृत्तीनंतर मुलांकडे परदेशी राहायला जाताना: पेन्शन, ठेवी आणि शेतीच्या उत्पन्नावरील कराचे सविस्तर मार्गदर्शन

भुसावळची रेल्वे, वरणगावची आयुध निर्माणी, दीपनगरचे वीज केंद्र, जिल्हा परिषदेच्या शाळा, एस.टी.चे आगार अशा ठिकाणी तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या खान्देशातील अनेक कुटुंबांची मुले आज अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया किंवा आखाती देशांत स्थिरावली आहेत. नातवंडे झाली की "आता कायमचे इकडेच या" असा आग्रह सुरू होतो. तिकीट, व्हिसा, औषधे आणि आरोग्य विमा यांची चर्चा घरात महिनोन्‌महिने चालते. पेन्शनवर तिकडे कर लागेल का, हा प्रश्न मात्र बहुधा विमानात बसल्यानंतर आठवतो. तोपर्यंत कराचा बोजा कमी करू शकणारे बरेच निर्णय हातातून गेलेले असतात.

या विषयात एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते. भारतात जे उत्पन्न करमुक्त आहे ते परदेशातही करमुक्त असेलच असे नाही, आणि भारतात आज जो कर शून्य येतो तो तुम्ही अनिवासी झाल्यावर शून्य राहीलच असेही नाही. म्हणून 'माझे एकूण उत्पन्न किती' या प्रश्नापासून सुरुवात करण्याऐवजी उत्पन्नाचा प्रत्येक प्रवाह वेगळा काढावा: पेन्शन, ठेवींचे व्याज, म्युच्युअल फंड, घरभाडे, शेती. मग प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. पैसे कोण देतो? त्या वर्षी मी करासाठी कोणत्या देशाचा निवासी आहे? आणि दोन्ही देशांतील करार त्या उत्पन्नाबद्दल काय म्हणतो?

पहिली पायरी: आपण भेटीला जात आहोत की राहायला, हे ठरवणे

दर वर्षी सहा महिने मुलाकडे आणि सहा महिने जळगावात राहणारे जोडपे आणि ग्रीन कार्ड घेऊन कायमचे गेलेले जोडपे, या दोघांचा करविषयक हिशेब पूर्णपणे वेगळा असतो. घरातली माणसे मात्र दोघांनाही 'परदेशी गेले' असेच म्हणतात. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, हा हेतू पाहतो: अनिश्चित काळ बाहेर राहण्याच्या इराद्याने गेलेली व्यक्ती फेमाच्या दृष्टीने अनिवासी होते. आयकर कायदा प्रामुख्याने दिवस मोजतो. त्यामुळे एखादी व्यक्ती बँकेच्या दृष्टीने अनिवासी आणि त्याच आर्थिक वर्षात आयकराच्या दृष्टीने निवासी असू शकते, आणि त्यात काहीही बेकायदेशीर नाही.

दुसरी पायरी: भारतातील दिवसांचा हिशेब

मूळ नियम असा आहे की, आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहणारी व्यक्ती निवासी ठरते. तसेच त्या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिलेली व्यक्तीही निवासी ठरते. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी ६० ऐवजी १८२ दिवसांची मोकळीक मिळते, पण निवृत्त आई-वडील नोकरीसाठी जात नाहीत. त्यामुळे ज्या वर्षी तुम्ही कायमचे जाता, त्या वर्षी १ एप्रिलपासून ६० दिवस भारतात झाले, म्हणजे साधारण मे महिना संपत आला, की ते संपूर्ण आर्थिक वर्ष तुम्ही निवासीच राहता. 'लवकर अनिवासी व्हा' असा सल्ला सर्रास दिला जातो. मध्यम पेन्शन असणाऱ्यांसाठी तो चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण पुढच्या पायरीत दिसेल.

पुढील वर्षांत, परदेशी स्थायिक झालेला भारतीय नागरिक भारतात भेटीसाठी येतो तेव्हा ६० दिवसांऐवजी १८२ दिवसांची मर्यादा लागू होते. परदेशातून मिळणारे उत्पन्न वगळता तुमचे एकूण उत्पन्न १५ लाख रुपयांपेक्षा जास्त असेल, तर ही मर्यादा १२० दिवसांवर येते. १५ लाखांवरील उत्पन्न असलेला भारतीय नागरिक इतर कोणत्याही देशात करदाता नसेल, तर दिवस कितीही असोत, तो भारताचा निवासी मानला जातो. वैयक्तिक आयकर नसलेल्या दुबई, अबुधाबीसारख्या ठिकाणी मुलांकडे राहणाऱ्या मोठ्या उत्पन्नाच्या पालकांनी ही तरतूद नीट वाचावी. या दोन्ही तरतुदींमुळे निवासी ठरलेली व्यक्ती मात्र 'सामान्य रहिवासी नसलेला निवासी' या गटात मोडते, त्यामुळे तिच्या निव्वळ परदेशी उत्पन्नावर सहसा भारतात कर लागत नाही.

येथे कॅलेंडर काढून बसावे. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे दिवस मोजले तर बरोबर १८२ होतात, आणि लीप वर्षात १८३. खान्देशचा उन्हाळा टाळण्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर मुलाकडे आणि हिवाळा घरी, असा क्रम अनेकजण सहज ठेवतात. तो अगदी काठावरचा आहे. विमान दोन दिवस उशिरा मिळाले, तरी निवासी दर्जा जाऊ शकतो. काठावर न राहता आठवडाभराची मोकळीक ठेवावी आणि पासपोर्टवरील शिक्क्यांच्या पानांची छायाप्रत दर वर्षी मार्चअखेर फाइलला लावावी.

आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा नवा कायदा आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले आणि 'कर वर्ष' ही संज्ञा आली असली, तरी निवासी दर्जाचे वर सांगितलेले निकष मूलतः तेच आहेत. या लेखात म्हणूनच कलमांचे क्रमांक न देता तरतुदी सांगितल्या आहेत आणि फॉर्मची आजवरची परिचित नावे वापरली आहेत.

तिसरी पायरी: अनिवासी झाल्यावर भारतात काय गमावतो ते आकड्यांत पाहणे

समजा, भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याची वार्षिक पेन्शन ६,००,००० रुपये आणि मुदत ठेवींचे व्याज ३,००,००० रुपये आहे. नव्या करप्रणालीत पेन्शनवरील ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वजा केली की करपात्र उत्पन्न ८,२५,००० रुपये राहते. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनुसार पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,००० आणि उरलेल्या २५,००० वर १० टक्क्यांनी २,५००, म्हणजे एकूण २२,५०० रुपये कर होतो. निवासी व्यक्तीला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर मिळणाऱ्या रिबेटमुळे, म्हणजे करातील सवलतीमुळे, हा कर शून्य होतो.

हीच व्यक्ती अनिवासी झाली की तिला रिबेट मिळत नाही, कारण तो केवळ निवासी व्यक्तींसाठी आहे. ४ टक्के उपकर धरून २३,४०० रुपये कर भरावा लागतो. त्याहून त्रासदायक म्हणजे, एनआरओ खात्यातील (अनिवासी व्यक्तीच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या रुपया खात्यातील) व्याजावर बँक ३० टक्के आणि उपकर मिळून ३१.२ टक्के दराने, म्हणजे ३ लाखांवर ९३,६०० रुपये उगमस्थानीच कापते. पेन्शनवर काहीच कापले नाही असे धरले, तरी ७०,२०० रुपये परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहावी लागते. ज्यांचा घरखर्च या व्याजावर चालतो त्यांच्यासाठी ही रक्कम थोडी नाही.

इतरही सवलती निवासी ज्येष्ठांपुरत्याच आहेत. व्यवसायाचे उत्पन्न नसणाऱ्या निवासी ज्येष्ठ नागरिकाला आगाऊ कर भरावा लागत नाही, अनिवासी ज्येष्ठाला मात्र त्यातून सूट नाही. जुन्या करप्रणालीतील ज्येष्ठांसाठीची ३ लाखांची आणि ८० वर्षांवरील अतिज्येष्ठांसाठीची ५ लाखांची मूळ सूट अनिवासींना लागू नाही. त्यांच्यासाठी ती २.५ लाखच आहे. ठेवींच्या व्याजावरील ५०,००० रुपयांची ज्येष्ठांची वजावटही जाते. बँकेत दर एप्रिलमध्ये सवयीने भरून दिला जाणारा, व्याजावर कर कापू नये असे सांगणारा १५ एच फॉर्म अनिवासी व्यक्तीने देणे हे चुकीचे प्रतिज्ञापत्र ठरते. वडील परदेशी आणि त्यांच्या सहीचे कोरे फॉर्म गावातल्या पुतण्याकडे, अशी 'सोय' कुणीही करू नये.

चौथी पायरी: आपली पेन्शन नेमकी कुणाची आहे हे ओळखणे

दुहेरी करआकारणी टाळण्यासाठी भारताने अनेक देशांशी करार केले आहेत. त्यांपैकी बहुतेक करारांत पेन्शनचे दोन गट असतात: सरकारी सेवेबद्दल सरकारने दिलेली पेन्शन आणि इतर सर्व पेन्शन. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांशी झालेल्या करारांत सरकारी पेन्शनवर कर लावण्याचा हक्क सर्वसाधारणपणे पेन्शन देणाऱ्या देशाला, म्हणजे भारताला आहे. पेन्शनधारक त्या दुसऱ्या देशाचा निवासी आणि नागरिकही असेल, तर तो हक्क त्या देशाकडे जातो. इतर पेन्शनवर मात्र तुम्ही जिथले निवासी आहात, त्या देशाचाच हक्क असतो.

आपल्याकडे हा भेद दिसतो तितका सरळ नाही. रेल्वे, टपाल, राज्य शासनाची कार्यालये आणि जिल्हा परिषद यांची पेन्शन पहिल्या गटात बसते. एस.टी. किंवा वीज कंपन्यांतून निवृत्त झालेल्यांना मिळणारी ईपीएस-९५ (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) ची पेन्शन भविष्य निर्वाह निधी संघटना देते. तिला 'सरकारी' म्हणण्याची आपली सवय असली, तरी करारातील सरकारी सेवेच्या व्याख्येत ती सहजासहजी बसत नाही. राष्ट्रीयीकृत बँका आणि आयुर्विमा महामंडळाची पेन्शनही स्वतंत्र पेन्शन निधीतून येते. खासगी संस्थेच्या अनुदानित शाळेतील शिक्षकाची पेन्शन राज्य शासन देते, पण सेवा संस्थेची झालेली असते, आणि करारात 'शासनाला दिलेल्या सेवेबद्दल' असे शब्द आहेत. खान्देशात अशा संस्थांची परंपरा मोठी आहे. त्या शिक्षकांनी आपला पीपीओ (पेन्शन अदा करण्याचा आदेश), नेमणुकीचे आदेश आणि सेवापुस्तकाची प्रत सल्लागारासमोर ठेवूनच भूमिका ठरवावी.

अमेरिकेबाबत आणखी एक महत्त्वाचा तपशील आहे. करारातील एका तरतुदीनुसार अमेरिका आपल्या नागरिकांवर आणि निवासींवर करार जणू नाहीच, अशा रीतीने कर लावू शकते, आणि सरकारी पेन्शनच्या सवलतीचा अपवाद फक्त नागरिक नसलेल्या व ग्रीन कार्ड नसलेल्या व्यक्तींसाठी ठेवलेला आहे. म्हणजे ग्रीन कार्ड घेतलेल्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने 'माझी पेन्शन सरकारी आहे, ती अमेरिकेत दाखवायची गरज नाही' असे गृहीत धरू नये. ती तिकडच्या विवरणपत्रात दाखवायची आणि भारतात भरलेल्या कराची वजावट घ्यायची, हा सुरक्षित मार्ग आहे.

भारतात कराराचा फायदा घ्यायचा असेल, तर नव्या देशाच्या कर खात्याचे निवासी प्रमाणपत्र आणि आयकर पोर्टलवर भरलेला १० एफ फॉर्म, ही दोन्ही लागतात. अमेरिकेत हे प्रमाणपत्र ६१६६ क्रमांकाचे असते. त्यासाठी ८८०२ क्रमांकाचा अर्ज करावा लागतो. तो बराच आधी करावा.

पाचवी पायरी: अमेरिकेतील नियम

आधी भेटीला जाणाऱ्यांविषयी. तेथे कॅलेंडर वर्ष चालते आणि तीन वर्षांचे दिवस एकत्र मोजले जातात: चालू वर्षाचे सगळे दिवस, आदल्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश. ही बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस राहणे झाले, की व्हिसा पर्यटकाचा असला तरी तुम्ही करासाठी अमेरिकेचे निवासी ठरता. दर वर्षी १२० दिवस राहणाऱ्याची बेरीज १२०, ४० आणि २० मिळून १८० होते, तो वाचतो. दर वर्षी १२२ दिवस राहणाऱ्याची बेरीज बरोबर १८३ होते. दर वर्षी १८० दिवस राहणारे आई-वडील पहिल्या वर्षी सुटतात, पण दुसऱ्या वर्षी १८० अधिक ६० म्हणजे २४० वर जातात.

यावर उपाय आहे. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस राहिला असाल, ग्रीन कार्डचा अर्ज केलेला नसेल आणि तुमचे घर, कुटुंब, बँक, मतदान भारताशीच जास्त जोडलेले असेल, तर ८८४० क्रमांकाचा फॉर्म भरून अनिवासी राहता येते. अमेरिकेत पगार नसणाऱ्यांसाठी त्याची मुदत पुढील वर्षीच्या १५ जूनपर्यंत असते. हा फॉर्म आपोआप लागू होत नाही, तो पाठवावा लागतो. एप्रिल ते सप्टेंबर हे दिवस नेमके १८३ भरतात, हेही येथे लक्षात ठेवावे. मुक्काम १८० च्या आत ठेवला तर भारतातील १८२ आणि अमेरिकेतील १८३ या दोन्ही रेषा सांभाळता येतात.

ग्रीन कार्डवर गेलेली व्यक्ती अमेरिकेत पाऊल ठेवल्या दिवसापासून करासाठी निवासी होते आणि तिचे जगभरचे उत्पन्न तेथे मोजले जाते. हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. २०२५ या वर्षासाठी एकत्रित विवरणपत्र भरणाऱ्या पती-पत्नीची प्रमाणित वजावट ३१,५०० डॉलर आहे आणि दोघेही ६५ च्या पुढचे असतील तर ती ३४,७०० डॉलर होते. आपल्या उदाहरणातील ९ लाख रुपये म्हणजे साधारण दहा-साडेदहा हजार डॉलर. म्हणजे या जोडप्याला केंद्रीय कर बहुधा शून्यच येईल. ज्या वर्षी मध्येच निवासी झालात त्या वर्षी मात्र ही वजावट सरसकट मिळत नाही; पूर्ण वर्ष निवासी मानण्याचा पर्याय निवडावा का, हे तेव्हाच तपासावे. राज्याचा कर वेगळा असतो. टेक्सासमध्ये वैयक्तिक आयकर नाही; कॅलिफोर्नियात आहे, आणि ते राज्य केंद्राने केलेला करारही मानत नाही, भारतात भरलेल्या कराची वजावटही देत नाही.

खरा धोका कर भरण्यापेक्षा माहिती न देण्यात आहे. भारतातील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कोणत्याही एका दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर अमेरिकी सरकारकडे 'एफबार' हा परदेशी खात्यांचा अहवाल भरावाच लागतो. बचत खाते, मुदत ठेवी, मुलासोबतचे संयुक्त खाते, पतसंस्थेतील ठेव, सगळे त्यात येते. कर शून्य असला तरी हा अहवाल चुकत नाही. मुदत १५ एप्रिलची असते आणि ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. अहवाल न भरल्यास दंड १०,००० डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. विवरणपत्र भरणे ज्यांना बंधनकारक आहे आणि ज्यांची परदेशी मालमत्ता ठरावीक मर्यादेपलीकडे आहे, त्यांना ८९३८ क्रमांकाचा फॉर्मही जोडावा लागतो.

आता शेती. रावेर, यावल, चोपडा भागातील अनेक पेन्शनधारकांकडे वडिलोपार्जित केळीची किंवा कपाशीची शेती आहे, जी गेल्यावर भावाकडे बटाईने किंवा ठोक्याने दिली जाते. भारतात शेती उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. इतर उत्पन्नाचा दर ठरवताना तेवढे ते विचारात घेतले जाते. अमेरिकेत अशी सूट नाही. तेथील निवासीच्या दृष्टीने रावेरच्या केळीचे पैसे हे साधे करपात्र उत्पन्न आहे, आणि भारतात त्यावर कर भरलेलाच नसल्याने वजावट घ्यायलाही काही नसते. पीपीएफचे व्याज आणि एनआरई ठेवींचे (अनिवासींनी परदेशातून आणलेल्या पैशांच्या भारतातील ठेवींचे) व्याज यांचेही तसेच: भारतात करमुक्त, अमेरिकेत करपात्र.

शेतीचा हिशेब आपण सहसा डोक्यात ठेवतो. तो आता कागदावर ठेवावा लागेल. व्यापाऱ्याने घडांचे वजन, भाव आणि कपात लिहून दिलेली प्रत्येक पट्टी, जिनिंगमधील कापसाची पावती, ठिबकच्या नळ्या, रोपे, खते आणि मजुरीचा खर्च, वीजबिल, सात-बारा आणि आठ-अ चे उतारे, आणि भावाशी झालेला बटाईचा लेखी करार ही सगळी कागदपत्रे हंगामानुसार एकत्र ठेवावीत. पैसे रोखीत न घेता खात्यात घ्यावेत. खर्चाचे पुरावे असतील तर ढोबळ विक्रीवर नव्हे, निव्वळ नफ्यावर कर मोजता येतो. केळीच्या लागवडीचा खर्च पाहता हा फरक फार मोठा आहे.

भारतीय म्युच्युअल फंड हा वेगळाच गुंता आहे. अमेरिकेचा कायदा त्यांना विशेष प्रकारच्या परदेशी गुंतवणूक कंपन्या मानतो, प्रत्येक फंडासाठी ८६२१ क्रमांकाचा फॉर्म मागू शकतो आणि नफ्यावर सर्वोच्च दराने, वर व्याज लावून, कर आकारू शकतो. ग्रीन कार्डवर जाणार असाल तर निघण्यापूर्वीच फंड विकून टाकावेत, हा माझा ठाम सल्ला आहे. भारतात समभाग फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला १.२५ लाखांपर्यंत कर नाही आणि त्यापुढे १२.५ टक्के आहे. काही युनिट मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये विकले, तर ही सूट पती आणि पत्नी दोघांनाही आपापल्या नावावर दोनदा मिळते.

सहावी पायरी: घर आणि जमीन यांचा निर्णय निघण्यापूर्वी घेणे

घर विकायचेच असेल तर ते निवासी असताना विकणे बहुधा हिताचे असते. जळगावातील ४५ लाखांचे जुने घर निवासी व्यक्तीने विकले, तर ५० लाखांच्या आत असल्याने खरेदीदाराला उगमस्थानी काहीच कापावे लागत नाही. तेच घर अनिवासीने विकले, तर कोणत्याही रकमेवर कपात करावी लागते, आणि कमी दराचे प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी मिळवले नसेल, तर खरेदीदार सहसा पूर्ण किमतीवर १२.५ टक्के व उपकर मिळून १३ टक्के, म्हणजे ५,८५,००० रुपये कापतो. शिवाय २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी महागाई निर्देशांक धरून २० टक्के कराचा पर्याय निवासी व्यक्तीला आहे, अनिवासीला नाही.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात तुम्ही निवासी होता त्या दिवशीची बाजारभावाची किंमत सर्वसाधारणपणे खरेदी किंमत मानली जाते. अमेरिकेत तसे नाही. १९९५ मध्ये ३ लाखांना घेतलेल्या घराचा नफा त्या ३ लाखांपासूनच मोजला जातो. तरी राहत्या घरासाठी एक सवलत आहे: विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षे तुम्ही त्या स्वतःच्या घरात राहिला असाल, तर एका व्यक्तीला २,५०,००० आणि अटी पूर्ण करणाऱ्या जोडप्याला ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो, आणि ते घर भारतात असले तरी चालते. म्हणजे गेल्यानंतर साधारण तीन वर्षांच्या आत निर्णय घ्यावा.

अनिवासी झाल्यावर शेतजमीन नव्याने विकत घेता येत नाही, पण आधीपासून नावावर असलेली ठेवता येते. विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भारतात भांडवली नफा कर नाही. ग्रामीण कोणती, हे नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या हद्दीपासूनच्या हवाई अंतरावर ठरते: १० हजार ते १ लाख लोकसंख्येसाठी २ किलोमीटर, १ ते १० लाखांसाठी ६ आणि त्यापुढे ८. जळगाव आणि भुसावळ या दोन्ही शहरांना ६ किलोमीटरचा निकष लागतो. तलाठ्याच्या तोंडी सांगण्यावर न थांबता अंतराचा लेखी दाखला घ्यावा.

सातवी पायरी: बँक आणि पैसे पाठवणे

कायमचे गेल्यावर बचत खाते एनआरओमध्ये बदलून घ्यावे. पेन्शन त्यात जमा होऊ शकते. पेन्शन, व्याज, भाडे यांसारखे चालू उत्पन्न कर भरल्यानंतर परदेशी पाठवता येते, आणि घरविक्रीसारख्या भांडवली रकमांसाठी आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आहे. त्यासाठी परदेशी पाठवलेल्या रकमेची माहिती आयकर खात्याला देणारा १५ सीए फॉर्म आणि, गरजेनुसार, सनदी लेखापालाचे १५ सीबी प्रमाणपत्र लागते. नवे पीपीएफ किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते अनिवासीला उघडता येत नाही. जुने पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, वाढवता येत नाही. आयकर पोर्टलवरील निवासी दर्जाही त्याच वेळी बदलावा. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये जीवन प्रमाण अॅपवर चेहऱ्याच्या ओळखीने किंवा भारतीय वकिलातीमार्फत देता येतो. तो चुकला की पेन्शन थांबते आणि पुन्हा सुरू करण्यासाठी परदेशातून पत्रव्यवहार करावा लागतो.

इतर देशांविषयी थोडक्यात

कॅनडाच्या सुपर व्हिसावर (तेथे स्थायिक मुलांच्या आई-वडिलांसाठीच्या व्हिसावर) एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, आणि नेमके त्यामुळेच पालक बेसावध राहतात. तेथे वर्षात १८३ दिवस मुक्काम झाला की, करारामुळे भारताचे निवासी ठरत नसाल तर, जगभरच्या उत्पन्नावर कर लागू शकतो. निवासी झालेल्यांच्या परदेशी गुंतवणुकीचा मूळ खर्च १ लाख कॅनेडियन डॉलरच्या वर असेल, तर पहिले वर्ष सोडून टी-११३५ हा फॉर्म भरावा लागतो. ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावरील निवासींच्या परदेशी पेन्शनवर आणि व्याजावर सर्वसाधारणपणे कर नाही. कायम निवास मिळताच ही सूट जाते. ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते, आणि तेथील निवासी दर्जाची चाचणी दिवसांबरोबर नातेसंबंध आणि घरही पाहते, म्हणून केवळ १८३ चा आकडा लक्षात ठेवून चालत नाही.

परत येण्याची वेळ आली तर

न्यू जर्सीचा बर्फ आणि दिवसभर रिकामे घर सोसवेना म्हणून दोन-तीन वर्षांत परतणारी जोडपी कमी नाहीत, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. परतल्यावर 'सामान्य रहिवासी नसलेला निवासी' ही दोन-तीन वर्षांची सवलत मिळेल असे अनेकांना वाटते. पण त्यासाठी आधीच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असावे लागते किंवा आधीच्या सात वर्षांत भारतातील मुक्काम ७२९ दिवसांपेक्षा जास्त नसावा लागतो. थोडीच वर्षे बाहेर राहिलेल्यांना यांपैकी काहीच बसत नाही. ते परतताच पूर्ण निवासी होतात आणि अमेरिकेतील बँक खाते भारतातील विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवणे त्यांच्यावर बंधनकारक होते, मग त्या खात्यात पाचशे डॉलर का असेनात. काळा पैसा कायद्यातील १० लाखांच्या दंडातून स्थावर वगळता एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला १ ऑक्टोबर २०२४ पासून सूट आहे. दाखवण्याच्या कर्तव्यातून मात्र सूट नाही.

ग्रीन कार्ड नुसते कपाटात ठेवून दिल्याने अमेरिकेचा करविषयक दर्जा संपत नाही. आय-४०७ हा फॉर्म भरून ते रीतसर परत करावे लागते. गेल्या पंधरा वर्षांपैकी आठ वर्षांत ते जवळ असेल, तर परत करताना देश सोडण्याच्या कराचे नियम लागू होऊ शकतात, म्हणून आठवे कॅलेंडर वर्ष सुरू होण्यापूर्वीच राहायचे की परतायचे, हे ठरवून टाकावे.